निकम सकाळीच लावून येतो

सरकारी ऑफिसातल्या फायलींची मुदत ठरलेली असते. मुदत संपली की गठ्ठा बांधायचा आणि रद्दीत. किश्श्यांना ही सोय नाही. ते साठत जातात, आणि माणूस रिटायर झाला की त्याच्याबरोबर घरी येतात. माझ्या प्रॉव्हिडंट फंडापेक्षा तेच जास्त जमले होते.

संध्याकाळी आम्ही चार पेन्शनर गंगेवर, म्हणजे नाशिकच्या गोदाकाठी, बाकावर बसतो. कुणीतरी म्हणतंच, "भाऊसाहेब, तो निकमचा किस्सा होऊन जाऊ द्या!" मी सांगतो. पण पहिले एक-दोनच सांगतो, कारण त्यांना हसू येतं. पुढचे काढले की लोकांना घरची कामं आठवतात. इथे मात्र सगळे सांगणार आहे. ज्यांना कामं आठवतील त्यांनी खुशाल उठावं.

खात्याचं नाव विचारू नका. पेन्शन त्याचीच खातो.

मधुकर निकम आमच्याकडे आवक-जावकला होता. मूळचा सटाण्याकडचा. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. सुपारीचंही व्यसन नाही. घरात बायको आणि एकुलती मुलगी मनीषा. निकमचा सगळा जीव त्या मुलीत.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. निकम चाळिशीला टेकला आणि चालताना डुलायला लागला. पाय फाकवून चालायचा, एक हात कायम भिंतीच्या शोधात. जीभ जड झाली. अक्षर तर असं, की ओळ वरच्या मजल्यावर सुरू व्हायची आणि तळमजल्यावर संपायची.

ऑफिसने चहा संपायच्या आत निदान केलं. "निकम सकाळीच लावून येतो!"

मनीषा तेव्हा पाचवी-सहावीत असेल. शाळा सुटली की दप्तरासकट आमच्या गेटवर उभी राहायची आणि बापाचा हात धरून त्याला घरी न्यायची. लोक हळहळायचे, "बघा, एवढीशी पोर, दारुड्याला सांभाळते!" हळहळायला मंजुरी लागत नाही, म्हणून सरकारी ऑफिसात ती गोष्ट मुबलक मिळते.

आमचा ड्रायव्हर जाधव हा खरा पिणारा. अनुभवी, आणि या विषयात कुणाला सहसा न मानणारा. त्याने बरेच दिवस निकमचं निरीक्षण केलं. मग एका दुपारी त्याच्या टेबलाजवळ आला, इकडेतिकडे पाहिलं आणि हात जोडून म्हणाला,

"अण्णा, लय मानलं तुमाला. सकाळी अकराला एवढी चढलेली, आन् वास नाय! ब्रँड तेवढा सांगा ना!"

*

तक्रार साहेबांपर्यंत गेली. साहेब न्यायी होते. चौकशीशिवाय कुणाला त्रास देत नसत, आणि चौकशीने सगळ्यांना देत. त्यांनी निकमला तपासणीसाठी सरकारी डॉक्टरकडे पाठवलं. सोबत मी.

डॉक्टरांनी निकमचं तोंड हुंगलं. मग म्हणाले, "फरशीच्या रेघेवरून चाला."

निकम चालला. रेघ सोडून सगळीकडे चालला.

डॉक्टरांनी प्रामाणिकपणे लिहून दिलं: दारूचा वास नाही, चाल दारू प्यालेल्यासारखी. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "म्हणजे अर्धा पास!"

अर्ध्या पासाला शिक्षा करता येत नाही आणि सोडूनही देता येत नाही. साहेबांनी मधला मार्ग काढला. दुसऱ्या दिवशी निकमच्या हातात लेखी समज पडली: "संबंधित कर्मचाऱ्याने कार्यालयीन वेळेत सरळ चालावे."

निकमने सही करून पोच दिली. सही खाली घसरली. जड जिभेने मला म्हणाला,

"भाऊसाहेब, साडेपाचनंतर वाकडं चाललो तर चालेल ना?"

*

मग खाजगी डॉक्टर सुरू झाले. पहिल्याने सांगितलं अशक्तपणा, आणि इंजेक्शनं दिली. दुसरा कानाचा होता, म्हणून आजार कानात निघाला. तिसऱ्याने मानेचा फोटो काढून गळ्याला पट्टा बांधला. त्या काळी नाशकात ज्याचं निदान होत नसे त्याला मानेचा पट्टा मिळायचा. निम्मं ऑफिस पट्ट्यात होतं. चौथ्याने चष्म्याचा नंबर बदलला, पाचव्याने पोटाकडे बोट दाखवलं.

मान झाली, कान झाला, डोळे झाले, पोट झालं. डोकं कुणी उघडून बघितलं नाही. मी निकमला म्हटलं, "सरकारी नोकराचा मेंदू तपासायची पद्धत नाही. तो गृहीत धरत नाहीत."

तो हसला. हसताना ठसका लागला. तेव्हापासून पाणीही त्याला ठसका लावून जाऊ लागलं.

*

शेवटी त्र्यंबकेश्वर. निकमवहिनींच्या माहेरच्यांनी धरलं, नारायण नागबळी करा म्हणून. तीन दिवसांचा विधी. कोरं धोतर, कोरी साडी, कुंडावर स्नान. निकम ओल्या पायरीवर घसरला आणि दोघांनी धरला म्हणून वाचला.

गुरुजी वयस्कर, शांत गृहस्थ. त्यांनी पाटावर बसवून विचारलं, "वडिलांना काय होतं?"

"असंच डुलायचे."

"आणि त्यांच्या वडिलांना?"

"ते मी पाहिले नाहीत. पण लोक सांगतात, असंच."

गुरुजींनी मान हलवली. "मग विषय मिटला. पितृदोष!"

मी मनातल्या मनात हसलो. मी वाचणारा माणूस. घरात कपाटभर पुस्तकं, लायब्ररीचा सभासद. येताना एस.टी.त निकमला खिडकीशी बसवून मी अंधश्रद्धेवर व्याख्यान दिलं, ते नाशिक येईपर्यंत पुरलं.

*

एक-दोन वर्षांनी मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मेंदूच्या डॉक्टरांची वेळ मिळाली. मी रजा टाकून बरोबर गेलो. डॉक्टर म्हणजे तिशीतली बाई. तिने निकमला चालवलं, टाच आणि चवडा जुळवून एका रेषेत चालायला लावलं. मग म्हणाली, "बोट स्वतःच्या नाकाला लावा, आणि मग माझ्या बोटाला." निकमचं बोट तिच्या चष्म्याला लागलं. ती रागावली नाही. डोळ्यांसमोर पेन फिरवून बराच वेळ त्याची नजर पाहत बसली. मेंदूचा फोटो काढायला लावला. त्यात मागच्या बाजूला लहान मेंदू दिसतो. निकमचा सुकलेल्या फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा दिसत होता.

"तोल, जीभ, हात, हे सगळं हा भाग सांभाळतो," ती म्हणाली. "तो झिजतोय. घरात आणखी कुणाला होतं?"

निकम ओशाळून म्हणाला, "वडिलांना. आजोबांनाही. त्र्यंबकला पितृदोष सांगितलाय."

बाई हसली. मग हसू आवरून म्हणाली, "बरोबरच सांगितलं. हा वडिलांकडूनच आलाय."

सहा डॉक्टर, एक साहेब आणि एक वाचणारा क्लार्क. आम्हा सगळ्यांच्या आधी योग्य प्रश्न विचारला तो गुरुजींनी. फक्त त्यांच्याकडे उपाय होता. मुंबईला तोही नव्हता.

"औषध?" वहिनींनी विचारलं.

"थांबवणारं नाही. व्यायाम करा, पडू नका."

"मग एवढं तपासलं कशाला?"

बाईने उलट विचारलं, "मुलं किती?"

"एक. मुलगी."

बाईने पेन खाली ठेवलं. मग सावकाश सांगितलं, की आईबापांपैकी एकाला हा आजार असला तरी पुरतो. प्रत्येक मुलाच्या वेळी नाणं उडतं, छापा की काटा. पुढच्या पिढीत कधीकधी आणखी लवकर दिसायला लागतो. रक्तावरून कळू शकतं, पण मुलगी अजून लहान आहे. मोठी झाल्यावर तिचं तिने ठरवायचं, बघायचं की नाही.

गाडीत कल्याण गेलं, कसारा गेलं. इगतपुरीला वडे आले. निकम पहिल्यांदा बोलला.

"भाऊसाहेब, दारू असती तर बरं झालं असतं हो. ती सुटते तरी."

*

त्या बाईने घराण्याची माहिती काढून आणायला सांगितली होती, म्हणून आम्ही दोघं निकमच्या गावी गेलो. त्याची म्हातारी आत्या भावाच्याच घरी राहायची. ओट्यावर बसली होती.

"तुना बाप डुले, तुना आजा डुले," आत्या म्हणाली. "आपला घरमा चाळिशी उनी का मानूस डुलसच!"

तिने सहज सांगितलं. एखाद्या घरात नाक लांब असतं तसं.

निकमच्या वडिलांचा किस्सा मला तिनेच सांगितला. तेही माळकरी. डुलायला लागले तसं भजनी मंडळाने त्यांना उठवलं, टाळ काढून घेतले. मग गावात दारूबंदीची सभा झाली. पंचांनी त्यांना देवळात नेऊन शपथ घ्यायला लावली, "आजपासून दारू सोडली!" म्हाताऱ्याने घेतली शपथ. जे कधी ओठाला लावलं नव्हतं ते सोडलं. लोकांनी नारळ देऊन सत्कार केला. सत्काराला उत्तर द्यायला ते उठले, आणि देवळाच्या पायरीवरून सगळ्यांसमोर खाली आले.

पंच म्हणाले, "बघा! नारळ फुटायच्या आत पुन्हा!"

मी विचारलं, "आत्या, घरातल्या मुलींना होतं का हे? बहिणींना, त्यांच्या मुलांना?"

"पोरी दिध्यात म्हंजे गयात!" आत्याने हात उडवला. "त्या परका घरन्या. त्यासनं कोन धेनात ठेवस?"

मग आम्हाला पाणी द्यायला ती उठली. भिंतीला धरून गेली, आणि भिंतीला धरून आली.

*

मुंबईच्या बाईने निकमला इंग्रजीत एक सर्टिफिकेट दिलं. या माणसाचा आजारामुळे तोल जातो, वगैरे. ऑफिसात ते दाखवलं. साहेब बदलून गेले होते. नव्या साहेबांनी "अरेरे" म्हटलं आणि जुनी लेखी समज तशीच फाईलला राहू दिली. म्हणजे नियमानुसार निकमने अजूनही सरळच चालायचं होतं.

सर्टिफिकेटचा खरा उपयोग सीबीएसवर, मोठ्या बस स्टँडवर झाला. निकम बसमधून उतरला आणि डुलत रस्ता ओलांडू लागला. हवालदाराने दंड धरला.

"चला चौकीत. दिवसाढवळ्या लाज नाय वाटत?"

निकम बोलायला लागला. बोलणं ऐकून तर हवालदाराची खात्रीच पटली. शेवटी निकमने खिशातून सर्टिफिकेट काढलं. हवालदाराने ते उलटसुलट पाहिलं. इंग्रजी मजकूर, डॉक्टरची सही, गोल शिक्का. त्याचा चेहरा बदलला. आपल्या राज्यात प्यायला परवाना लागतो, आणि तो बहुधा तब्येतीच्या कारणासाठीच मिळतो.

"परमिट हाय तर आधी दाखवायचं ना साहेब!" असं म्हणत त्याने वाहनं थांबवली आणि निकमला हाताला धरून पलीकडे नेऊन सोडलं.

*

पुढची वर्षं निकमने एकच काम केलं. मनीषाकडे बघणं.

ती चहा घेऊन आली की हा बशीकडे बघायचा. ती सुईत दोरा ओवताना हा श्वास धरायचा. दिवाळीत ती रांगोळीचे ठिपके काढायची आणि हा ओट्यावर बसून ठिपक्यांची रांग सरळ आहे का ते बघायचा. लोक म्हणायचे, मुलीचं केवढं कौतुक!

मी एकदा त्यांच्याकडे जेवायला होतो. मनीषा तेव्हा कॉलेजात होती. पाणी वाढताना तिच्या हातून स्टीलचा पेला निसटला. पेला फरशीवर गोल फिरत राहिला. कुणी उचलेना. वहिनी घास हातात धरून थिजल्या. निकमने डोळे मिटून घेतले.

मनीषानेच शेवटी पेला उचलला. म्हणाली, "बाबा, हाताला तेल होतं."

मग ती जरा मोठ्याने म्हणाली, "आपल्या घरात साधा पेला पाडायचीही चोरी आहे का?"

रक्त तपासायचं नाही, असं सांगून तो विषय तिने स्वतःच संपवला होता. ती गणित घेऊन बी.एस्सी. झाली, एका शाळेत शिकवायला लागली. मी एकदा भीत भीत विचारलं तेव्हा म्हणाली, "काका, नाणं हवेत आहे तोवर माझं आहे."

*

मग लग्नाचं सुरू झालं. पहिली दोन स्थळं घरी येऊन, पोहे खाऊन, "कळवतो" म्हणून गेली. घराण्यात आजार आहे, हे निकमनेच त्यांना सांगितलं होतं. तिसरं स्थळ पोह्यांपर्यंतही आलं नाही.

तेव्हा वहिनींच्या भावाने बैठक बसवली. तो निफाडचा, द्राक्षबागायतदार, व्यवहारी.

"दाजी, उगा खरं बोलू नका," तो म्हणाला. "सांगा, पूर्वी प्यायचो. नसा खराब झाल्या, आता सोडली. दारुड्याची पोरगी लोक करून घेतात. आजाऱ्याची नाय घेत."

सगळे निकमकडे बघायला लागले. दहा-बारा वर्षं हा माणूस ज्याला त्याला माळ दाखवत फिरत होता, मी पीत नाही म्हणून. जाधवला सांगितलं, साहेबांना सांगितलं, हवालदाराला सांगितलं. एकानेही विश्वास ठेवला नाही.

निकमने गळ्यातली माळ चाचपली. मग म्हणाला, "हे मात्र पटेल लोकांना."

मनीषा दारात उभी होती. "मोठ्यांना काय सांगायचं ते तुम्ही सांगा," ती म्हणाली. "मुलाला मी एकटीने खरं सांगणार. त्याच्याआधी सुपारी फुटायची नाही."

*

चौथं स्थळ रविवारी आलं. मुलगा ओझरला कारखान्यात कामाला. वडिलांची पिंपळगावला कांद्याची आडत. माणूस पन्नाशीचा, ऐसपैस, बोलका. सगळे त्यांना दादा म्हणत होते. दारात त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवून चपला काढल्या. "वळण चांगलंय मुलाला," वहिनी माझ्या कानात म्हणाल्या.

निकम खुर्चीवर होता. काठी दाराआड लपवली होती, आणि गळ्यातली माळ शर्टाच्या आत. मुलगा खाली मान घालून बसला. हवापाणी झालं, कांद्याचा भाव झाला. मग दादांनी निकमची जड जीभ ऐकून विचारलंच, "तब्येतीला काही त्रास आहे का हो?"

निफाडचा मेहुणा मुद्दाम आला होता, त्याने निकमला डोळ्याने खुणावलं.

निकम म्हणाला, "पूर्वी घ्यायचो. नसा गेल्या. आता सोडली."

त्याच्या बापाने देवळात उभं राहून म्हटलं होतं, तेच. यावेळी नारळ नव्हता एवढंच.

"सोडली ना? मग झालं तर!" दादा मोकळे होऊन हसले. "आम्हाला आपलं वाटलं, घराण्यात काही आजारबिजार आहे की काय! कोणती घ्यायचात?"

निकमने माझ्याकडे पाहिलं. मी मेहुण्याकडे पाहिलं. एकाही ब्रँडचं नाव निकमला माहीत नव्हतं.

"आठवत नाही," तो म्हणाला.

"आठवत नाही! म्हणजे चांगलीच घेत होतात!" दादा मांडीवर थाप मारून हसले. मेहुणाही हसला. जमलं, असा त्याचा चेहरा.

मनीषा ट्रे घेऊन आली. निकमची नजर सवयीने बशांवर गेली. एकाही बशीत थेंब नव्हता. तिने पहिला कप दादांच्या हातात दिला.

कप बशीवर वाजायला लागला.

तो आवाज फार मोठा नव्हता. दुसऱ्या कुठल्या घरात तो ऐकूही आला नसता. इथे वहिनी स्वयंपाकघराच्या दारात थबकल्या. दादांनी बशी दोन्ही हातांनी धरली, तरी चहा सांडलाच.

"हल्ली होतं असं," ते दिलखुलासपणे म्हणाले. "आणि गंमत ऐका. मी माळकरी माणूस, आयुष्यात थेंब घेतला नाही. पण लिलावाला उभा राहिलो की हमाल लेकाचे काय म्हणतात माहितीये? दादा सकाळीच लावून आले!"

मेहुणा खो खो हसला. मुलगा वडिलांच्या हातातली बशी घ्यायला हलकेच उठला. रोजच्या सवयीने उठावं तसा.

मनीषाने ट्रे खाली ठेवला आणि मुलाकडे पाहिलं, आल्यापासून पहिल्यांदाच. निकमने शर्टाच्या आतली माळ बाहेर काढली. खुर्चीचे हात धरून थोडा पुढे सरकला आणि जमेल तेवढं स्पष्ट बोलला,

"दादा, तुमचे वडील कसे चालायचे?"